पुढे वाडा, मागे सात मजले: धुळ्यातल्या आमच्या वाड्याचा दर्शनी भाग राखताना

धुळ्यातल्या आमच्या वाड्याच्या जागेवर आज सात मजली इमारत उभी आहे. गल्लीच्या बाजूने पाहिलं तर मात्र समोर वाडाच दिसतो: काळ्या दगडाचं जोतं, सागवानी खांब, वरचा कोरीव सज्जा आणि मधोमध दिंडीचा दरवाजा. भोगवटा प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२४ मध्ये मिळालं. सुरुवात झाली होती ऑगस्ट २०१८ मध्ये. या काळात मी जी माहिती शोधत होते ती सलग कुठे सापडली नाही. मुंबईच्या चाळींच्या पुनर्विकासावर पुष्कळ लिहिलेलं आहे, पुण्याच्या वाड्यांवरही थोडंफार आहे. पण धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर, दोन्हीकडे शेजाऱ्यांच्या सामाईक भिंती, खाली भाडेकरूंची दुकानं, वारस सुरतेपासून कॅनडापर्यंत पसरलेले, आणि एवढं असूनही पुढचा भाग राखायचा, अशा माणसाने कुठून सुरुवात करायची? ज्यांच्या घरी हा विषय निघाला आहे त्यांच्यासाठी जे घडलं ते क्रमाने लिहिते.

आधी जागेबद्दल, कारण पुढचं सगळं तिच्यावरून ठरलं. १८१८ मध्ये खान्देश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळे हे मुख्य ठाणं केलं आणि जुन्या वस्तीशेजारी नवी पेठ आखली. १८१९ साली धुळ्यात ४०१ घरं आणि २५०९ माणसं होती, असं खान्देशच्या जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. येऊन घर बांधणाऱ्याला जागा कायमची बिनभाड्याने दिली जायची. तेव्हाच्या सरळ, समांतर गल्ल्या अजून तशाच आहेत आणि त्यांना आपण आजही नंबरानेच ओळखतो. गल्ल्या समांतर असल्यामुळे काही मिळकतींना दोन तोंडं आहेत. आमची त्यातली एक: साधारण ६० फूट रुंद, १४० फूट खोल, पुढचं तोंड अरुंद गल्लीत आणि मागचं रुंद रस्त्यावर. एफएसआय (म्हणजे जागेच्या मानाने किती बांधता येतं ते प्रमाण) आणि उंची रस्त्याच्या रुंदीवर ठरते. मागचा रस्ता नसता तर सात मजले झाले नसते, आणि तेवढे मजले नसते तर पुढचा भाग राखण्याचा खर्च कोणी उचललाही नसता.

ऑगस्ट २०१८ मध्ये तीन दिवस झड लागली आणि मागच्या दोन खणांचं, म्हणजे खांबांच्या ओळींमधल्या दोन भागांचं, धाबं खाली आलं. आजी गेल्यापासून आत कोणी राहत नव्हतं, त्यामुळे माणसाला इजा झाली नाही. धाब्यावर दरवर्षी पावसाळ्याआधी पांढरी माती टाकून चोपावी लागते. ती थांबली की पाणी आत मुरतं, छताच्या लाकडी कड्या सडतात आणि वाळवी वर चढते. आठवड्याभरात महापालिकेची नोटीस आली, महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली, म्हणजे धोकादायक बांधकाम उतरवण्याबद्दलची. अशी नोटीस आली की घरातले सगळे घाबरतात आणि सगळंच पाडून मोकळे होतात. माझं सांगणं एवढंच की पाडायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून भागाभागाचा अहवाल घ्या. आम्ही तो घेतला, ४० हजार रुपये लागले. त्यात स्पष्ट लिहून आलं की मागचे खण वाचवण्यासारखे नाहीत, पण गल्लीकडचा पहिला खण दगडी उथाळ्यांवर (खांबांखालच्या बैठकींवर) भक्कम उभा आहे. तो अहवाल जोडून आम्ही महापालिकेला लेखी कळवलं: मागचा भाग स्वतः उतरवतो, पुढच्याला टेकू देतो. ते मान्य झालं. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर हाच अहवाल कामी आला.

पूर्ण वाडा दुरुस्त करायचा तर अंदाज ७५ लाखांचा निघाला. वारसांपैकी निम्म्यांची पेन्शनवर गुजराण. ते शक्य नव्हतं आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण माझ्या मते पूर्ण वाडा राखणं हेच सगळ्यात चांगलं. दर्शनी भाग राखून मागे उंच इमारत बांधणं ही तडजोड आहे. परदेशात ही पद्धत नेहमीची झाली आहे. माझा भाचा टोरांटोत असतो. तिथे सेंट जोसेफ स्ट्रीटवर जुन्या गोदामाची विटांची दर्शनी भिंत लोखंडी सांगाड्याने धरून ठेवली आणि तिच्या मागे ४८ मजली इमारत चढवली. त्याचे फोटो त्याने पाठवले तेव्हा घरात पहिल्यांदा ‘असंही करता येतं’ हा विचार आला. पण त्याच शहरात, नुसती भिंत ठेवून मागचं घर संपवायचं याला काय जतन म्हणायचं, असा वाददेखील चालतो. तो वाद मला पटतो. म्हणून आम्ही पहिल्यापासून ठरवलं की भिंत नाही, पूर्ण पहिला खण ठेवायचा: अकरा फूट खोल, वरच्या कडीपाटासकट, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांच्या छतासकट.

आता कागदपत्रं. मिळकत पत्रिकेवर अजून आजोबा आणि त्यांच्या भावाचीच नावं होती. नगर भूमापन कार्यालयात वारस नोंदीसाठी मृत्यूचे दाखले, प्रतिज्ञापत्र आणि वंशावळ लागते. आजोबांच्या भावाचा मृत्यू गुजरातेत झालेला, तो दाखला मिळवण्यातच पहिला उन्हाळा गेला. मूळ खरेदीखत मोडीत होतं. ते मोडी जाणणाऱ्याकडून देवनागरीत उतरवून, त्याच्या सहीनिशी जोडावं लागलं. तुमच्याकडे असे कागद असतील तर बँकेच्या किंवा वकिलाच्या मागणीची वाट न बघता आधीच लिप्यंतर करून ठेवा.

पत्रिकेवरचा ‘सत्ता प्रकार’ हा रकाना बहुतेक लोक वाचतच नाहीत. तिथे ‘ब’ असेल तर जमीन सरकारी पट्ट्याची असते आणि हस्तांतरापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आमच्या पत्रिकेवर तसं नव्हतं. बिल्डरशी बोलणी सुरू करण्याआधी हा रकाना बघा. त्याच वेळी नगररचना विभागातून भाग नकाशा घ्या आणि रस्ता रुंदीकरणाची रेषा कुठून जाते ते तपासा. ही रेषा वाड्याच्या तोंडावरून जात असेल तर पुढची सगळी चर्चा वेगळी होते. आमच्या गल्लीत रुंदीकरण प्रस्तावित नव्हतं. तो नकाशा हातात आला त्या दिवशी मी पहिल्यांदा शांत झोपले.

आत्यांचा विषय सविस्तर सांगायला हवा. घरातल्या पुरुषांनी गृहीत धरलं होतं की तिघी आत्या हक्कसोड देतील. मुलींचा वडिलोपार्जित मिळकतीतला समान हक्क २००५ च्या दुरुस्तीने आला, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मापासूनचा असल्याचं स्पष्ट केलं. मी वकिलांना घरी बोलावलं आणि तिघींसमोर हे मराठीत समजावून सांगायला लावलं. मग दोघींनी आपला हिस्सा ठेवला. थोरल्या आत्यांनी भावांच्या नावे हक्कसोड केली, पण अट घातली. त्या म्हणाल्या, “माले पैसा नको, पन दरवाजा ऱ्हावाले पाहिजे.” हक्कसोड पत्राला तेव्हा २०० रुपयांचा मुद्रांक लागला, ऑक्टोबर २०२४ पासून तो ५०० झाला आहे. नोंदणीचा खर्च वेगळा. टोरांटोच्या भाच्याकडून कुलमुखत्यारपत्र हवं होतं. ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून आलं आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागलं. ही मुदत चुकवू नका, तारीख लिहून ठेवा.

खाली चार दुकानं होती. तांब्या-पितळेच्या भांड्यांचं, कापडाचं, घड्याळदुरुस्तीचं आणि एक बंद. भाडेकरूंना १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण आहे, आणि ते नसतं तरी आजोबांच्या काळापासून तिथे बसलेल्या माणसांना उठवायची आमची इच्छा नव्हती. प्रत्येकाशी वेगळा करार केला: तेवढ्याच क्षेत्राचा गाळा त्याच जागी, काम चालू असेपर्यंत पर्यायी जागेचं भाडं, आणि परत आल्यावर दुकानाची पाटी कमानीच्या आत. शेवटची अट त्यांना जड गेली. भांडीवाल्या काकांनी विचारलं, पाटी दिसली नाही तर गिऱ्हाईक येईल कसं? आम्ही चारही दुकानांसाठी एका मापाच्या लाकडी पाट्या आमच्या खर्चाने करून द्यायचं कबूल केलं, तेव्हा जमलं.

बिल्डर शोधायला सगळ्यात जास्त वेळ गेला. पहिल्याने सगळं पाडून फायबरमध्ये ‘वाड्याचा लूक’ देतो म्हणून सांगितलं. दुसऱ्याशी बोलणी पक्की झाली आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. काही महिन्यांनी त्याने हात वर केले. याच काळात जुनं लाकूड घेणारे व्यापारी चकरा मारू लागले. कोरीव खांब, हस्त (सज्जाखालचे लाकडी आधार), दरवाजाची चौकट, सगळं एकरकमी रोखीत. एकाने नुसत्या दरवाजाचे साडेतीन लाख सांगितले. वारसांपैकी दोघांच्या घरात तेव्हा पगार थांबलेले होते, त्यामुळे ही रक्कम नाकारणं सोपं नव्हतं. नाना काकांनी सगळ्यांना फोनवर एकत्र घेतलं आणि ठराव लिहून सह्या घेतल्या की करार होईपर्यंत वाड्यातली एकही वस्तू विकायची नाही. रिकाम्या वाड्यातून लाकूड रातोरात जातं, हे खान्देशात सगळ्यांनी पाहिलं आहे. आम्ही राखणदार ठेवला, महिना सात हजारांवर. तो खर्च वाचवू नका.

डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकात्मिकृत विकास नियंत्रण नियमावली आली आणि धुळ्यासारख्या शहरांसाठीही एफएसआयचं गणित बदललं. जो प्रकल्प आधी कोणालाच परवडत नव्हता तो अधिमूल्याच्या, म्हणजे पैसे भरून मिळणाऱ्या जादा एफएसआयमुळे परवडू लागला. २०२१ च्या सुरुवातीला तिसरा बिल्डर आला, वयाने तरुण. त्याने पहिल्या भेटीत वर चढून कडीपाट बघितला आणि विचारलं, हा खण कशासाठी वापरायचा? हा प्रश्न आधी कोणी विचारला नव्हता.

विकसन करारनामा जून २०२१ मध्ये नोंदवला. मसुद्यावर तीन महिने घालवले, आणि मला कोणी एकच गोष्ट सांगायला सांगितली तर मी हीच सांगेन की ते महिने घालवा. पहिल्या मसुद्यात एक ओळ होती: ‘विकसक शक्य तितका दर्शनी भाग जतन करील.’ ‘शक्य तितका’ कोण ठरवणार? वाडा कुठल्याही वारसा यादीत नव्हता, त्यामुळे वारसा वास्तूंना मिळणारी सवलत नव्हती आणि संरक्षणही नव्हतं. जे काही राखलं जाणार होतं ते या करारातल्या शब्दांमुळेच. म्हणून आम्ही वास्तुविशारदाकडून दर्शनी भागाचं मापन करून घेतलं, प्रत्येक खांब, हस्त आणि पट्टीचं चित्र, फोटोंसह. खर्च १ लाख १० हजार. ही चित्रं परिशिष्ट म्हणून करारनाम्याला जोडली आणि लिहिलं की परिशिष्टातला प्रत्येक घटक मूळ जागी राहील किंवा उतरवून मूळ जागी परत बसेल. सडलेला भाग बदलायचा तर आमच्या वास्तुविशारदाच्या लेखी संमतीने आणि जुन्या सागवानातच. दर्शनी भागाच्या कामासाठी ४० लाख रुपये बिल्डरने बँक हमीच्या रूपात वेगळे ठेवायचे. आणि मालकांनी द्यायची शेवटची संमती, म्हणजे बिल्डरला वरचे तीन मजले विकू देण्याची, सज्जा परत बसल्यावरच. बिल्डरच्या वकिलांनी या शेवटच्या कलमाला खूप विरोध केला. बिल्डर स्वतः म्हणाला, राहू द्या, मला करायचंच आहे.

आमच्या वाट्याला बांधीव क्षेत्राच्या ४५ टक्के आले. अशी जागा मोकळी असती तर थोडं जास्त मिळालं असतं, कारण राखलेल्या खणाचं क्षेत्रही एफएसआयमध्ये मोजलं जातं. ती किंमत आम्ही सगळ्यांनी जाणून दिली. करारनाम्यावर मुद्रांक शुल्क खरेदीखताच्या दराने लागतं, ते बिल्डरने भरलं. नोंदणी फी कमाल ३० हजार. मालकांच्या सदनिकांवरचा जीएसटी कोणी भरायचा हे बहुतेक करारात लिहिलेलंच नसतं आणि ताबा घेताना भांडण होतं. आमच्या करारात तो बिल्डरकडे आहे, तसा शब्द लिहून घ्या.

नकाशे ऑनलाइन दाखल झाले सप्टेंबर २०२१ मध्ये. पुढचा खण ‘राखून ठेवायचे विद्यमान बांधकाम’ म्हणून वेगळ्या रंगात दाखवला. नगररचना विभागाचे प्रश्न रास्त होते: रस्त्यालगतच्या जुन्या बांधकामामागे नव्या इमारतीला किती अंतर, गाड्या कुठून येणार, अग्निशमनाचं काय? गाड्यांची वाट मागच्या रुंद रस्त्यावरून दिली, गल्लीतून फक्त माणसं. अग्निशमन अधिकाऱ्यांनी लाकडी भाग आणि नव्या इमारतीच्या मध्ये नऊ इंची विटांची भिंत आणि खणात वेगळं पाण्याचं कनेक्शन मागितलं. ते दिलं. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र फेब्रुवारी २०२२ मध्ये आलं. सदनिका २१ आणि भूखंड ५०० चौरस मीटरच्या वर, त्यामुळे महारेरा नोंदणी लागली. त्यात जागामालकही प्रवर्तक म्हणून नोंदवले जातात. संकेतस्थळावर स्वतःची नावं बघून दोन्ही आत्या घाबरल्या होत्या. वकिलांनी समजावलं की हिस्सा सदनिकांच्या रूपात घेणाऱ्या मालकाला हे लागतंच, आणि ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात राहतात, ते आपल्याही हिताचं आहे.

मार्च २०२२ पासून प्रत्यक्ष काम. टोरांटोसारखा लोखंडी सांगाडा बाहेरून लावायचा तर निम्मी गल्ली अडली असती. इथे पूर्ण खण राखण्याचा निर्णय उपयोगी पडला. दोन भिंती, वरचा कडीपाट आणि खांब मिळून तो खण बंद पेटीसारखा स्वतःच्या बळावर उभा राहू शकत होता, टेकू आतून आणि मागून दिले की पुरे होतं. वरचा सज्जा मात्र सांध्यांत सैल झाला होता, तो उतरवायचं ठरलं. हे काम शिंदखेड्याकडच्या एका सुतारमिस्त्रींनी केलं. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, “एक एक कुसूले नंबर टाका, नही ते मंग कोनलेच समजाव नही.” पत्र्याच्या लहान चकत्यांवर नंबर ठोकून प्रत्येक तुकड्याला लावले, तेच नंबर चित्रावर लिहिले. रंगाने लिहिलेले नंबर पुढे लाकूड साफ करताना पुसले जातात, म्हणून पत्रा. एकूण सातशेच्या वर तुकडे निघाले. त्यासाठी गावाबाहेर कोरडी शेड भाड्याने घेतली, जमिनीपासून दीड फूट उंच फळ्यांवर रचायला, वाळवीचं औषध मारून.

मागचं पाडकाम हाताने झालं. पुढच्या खणापासून पंधरा फुटांच्या आत ब्रेकर वापरायचा नाही, हे करारातच होतं. धाब्याची माती ट्रॉल्याच्या ट्रॉल्या निघाली. चौकातल्या फरशीखाली दगडी तोंडाचं पेव (धान्य साठवायचं तळघर) सापडलं, दोन पुरुष खोल. आजी त्याबद्दल सांगायची, पण ते कुठे आहे हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. नेमकं एका कॉलमच्या जागेवर आलं. कॉलम सरकवणं शक्य नव्हतं, पेव भरून टाकावं लागलं. तोंडाचा दगड काढून खणात ठेवला आहे. त्या दिवशी बाबा काही न बोलता बराच वेळ तिथे उभे होते.

सगळ्यात अवघड दिवस जुलै २०२२ चे. पाया खणलेला, जमीन काळी, आणि पाऊस. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते, तिच्यावरची जुनी भिंत दोन्ही वेळा हलते. इंजिनिअरने पुढच्या खणाजवळ उघडा खड्डा न काढता गिरमिटाने भोकं पाडून पाइल (जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब) घेतल्या. शिवाय भिंतीवरच्या जुन्या भेगांवर आडव्या काचपट्ट्या प्लास्टरने चिकटवल्या. भिंत हलली तर काच तडकते. शेजारच्या वाड्याच्या सामाईक भिंतीवरची एक पट्टी तडकली. काम त्याच तासाला थांबवलं, टेकू वाढवले, खड्ड्यातलं पाणी उपसलं. शेजाऱ्यांचा राग साहजिक होता. सुरू करण्यापूर्वी त्यांच्या घराच्या भिंतींचे तारखेसकट फोटो दोघांच्या सह्यांनिशी काढून ठेवले होते आणि बिल्डरच्या विम्यात शेजाऱ्यांचं नुकसान धरलेलं होतं. त्यामुळे भांडण न होता दुरुस्ती झाली. हे फोटो तुम्ही अगदी पहिल्या कुदळीच्या आधी काढा.

पाया निघाल्यावर जोते तपासणी झाली आणि मग २०२३ भर इमारत चढत गेली. त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं थोडंच आहे, कुठल्याही इमारतीसारखं ते काम. एक गोष्ट मात्र महत्त्वाची: नवी इमारत जुन्या खणाला कुठेही चिकटलेली नाही. मध्ये दोन इंचांचा सांधा आहे, वर पत्र्याचं झाकण. नवी इमारत पहिली काही वर्षं बसते, जुनी कधीच बसून झालेली असते. दोन्ही एकमेकांत बांधल्या तर तडे जुन्यालाच जातात.

सज्जा परत बसवणं जानेवारी २०२४ ते मे २०२४. लाकडावर ऑइलपेंटचे कितीतरी थर होते. खरवडल्यावर खाली मोर आणि केळफुलं दिसली, जी मी लहानपणापासून निळ्या रंगाचे गोळे म्हणून बघत आले होते. मिस्त्री म्हणाले, “ताई, हाई लाकूड आजूनबी खणखणीत शे. रंगनी याले मारी टाकं.” रंग काढायला ब्लोटॉर्च वापरू दिला नाही, रसायन आणि लाकडी पटाशीनेच काढला. शेवटी अळशीच्या तेलाचे हात. बारापैकी दोन खांबांचे पाय सडलेले होते, तेवढाच भाग कापून आमच्याच मागच्या खणातल्या तुळईचं सागवान जोडलं. मागचं लाकूड विकलं नव्हतं म्हणून ते मिळालं. दर्शनी भागाचा एकूण खर्च ४३ लाखांपर्यंत गेला, वरचे तीन बिल्डरने आणि आम्ही निम्मे निम्मे घातले.

सदनिका विकायला लागल्यावर नवा प्रश्न आला. बिल्डर जाईल, मग या लाकडाची काळजी कोण घेणार? सोसायटी करायची की अपार्टमेंट? आम्ही १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली घोषणापत्र केलं. त्यात पुढचा खण सामाईक क्षेत्र म्हणून नकाशासह लिहिला. उपविधीत घातलं की दर्शनी भागावर एसीची युनिटं, फ्लेक्स, केबल, रंग, काहीही लागणार नाही, आणि मासिक देखभाल वर्गणीतून चौरस फुटाला ५० पैसे वेगळ्या खात्यात जातील. प्रत्येक खरेदीदाराच्या करारात हे कलम आहे. दोन जण हे वाचून परत गेले, बाकीचे राहिले. वरच्या खणात आता वाचनाची खोली आहे. सकाळी पेपर वाचायला येणारे बहुतेक नव्या सदनिकांमधलेच आहेत, आमच्या घरचे कमी.

भोगवटा प्रमाणपत्रानंतरही कामं उरतात. अपार्टमेंट डीड एकेकाच्या नावे नोंदवावे लागतात, घरपट्टीची आकारणी नव्याने होते, वीजमीटर वेगळे होतात. आणि प्राप्तिकर. विकसन कराराने जागा देणाऱ्या व्यक्तीला भांडवली नफ्यावरचा कर १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४५(५ए) मुळे करार केल्याच्या वर्षी लागत नाही, पूर्णत्वाचा दाखला मिळतो त्या वर्षी लागतो. मात्र त्याआधी आपला हिस्सा विकला तर ही सवलत जाते. आमच्या चुलतभावाला मुलीच्या लग्नासाठी २०२३ मध्येच सदनिका विकायची होती. सीएने हिशेब मांडून दाखवल्यावर तो थांबला, सगळ्यांनी मिळून त्याला तात्पुरते पैसे दिले.

दुकानदार डिसेंबर २०२४ मध्ये परत आले. भांडीवाल्या काकांनी लाकडी पाटीच्या आत पिवळा दिवा लावून घेतला आहे, आणि गिऱ्हाईक येतं आहे. लाकडाला तेलाचा पुढचा हात पावसाळा संपल्यावर द्यायचा आहे. मिस्त्रींशी दोन वर्षांचा करार झाला आहे, वर्षाला २२ हजार, आणि देखभाल खात्यात सध्या तेवढे पैसे आहेत.